ठेकेदार अर्धवट काम टाकून गेला: नुकसानभरपाईचा हिशोब कसा मांडायचा?

ओळंबा:

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका घराच्या दाव्यासाठी मालकांच्या बाजूने नुकसानीचं पत्रक करायचं आहे. आकडे हाताशी आहेत, पण मांडणीत घोळ होतोय, म्हणून इथे विचारतो.

तळमजला आणि पहिला मजला मिळून १,४०० चौरस फूट. मटेरियलसकट दर १,८५० रुपये, म्हणजे कराराची रक्कम २५,९०,०००. हप्ते असे ठरले होते: करारावेळी १० टक्के, जोत्याला १५, तळमजल्याच्या स्लॅबला २०, वरच्या स्लॅबला २०, वीटकाम पूर्ण झाल्यावर १०, प्लास्टरला १०, फरशी-नळकाम-वायरिंगला १०, रंग आणि ताब्याला ५. मुदत ३१ डिसेंबर २०२४. ठेकेदाराने २० ऑक्टोबर २०२४ ला काम थांबवलं आणि माणसं काढून घेतली. तोपर्यंत दोन्ही स्लॅब झाले होते, तळमजल्याचं वीटकाम पूर्ण आणि पहिल्या मजल्याचं निम्मं. त्याला मिळालेले पैसे २० लाख, त्यातले १८,५०,००० बँकेतून आणि १,५०,००० रोख.

केलेल्या कामात दोष आहेत. जिन्याच्या वेस्ट स्लॅबला (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबला) खालून हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधल्या पोकळ्या, दिसतंय. पहिल्या मजल्यावरची एक बाहेरची भिंत ओळंब्यात नाही. एका टॉयलेटच्या संकन (मुद्दाम खाली घेतलेल्या) स्लॅबची पातळी चुकली आहे. तिन्हींच्या दुरुस्तीचा अंदाज ९२,००० आहे. उरलेल्या कामाचा अंदाज १२,४५,३५० निघतो.

मालकांचं म्हणणं: दिलेले २० लाख परत हवेत, उरलेल्या कामाचे साडेबारा लाख हवेत, शिवाय काम थांबलं त्या दिवसापासूनचं घरभाडं (महिना ९,०००) आणि करारातला रोज १,००० रुपयांचा दंड. ठेकेदार फोनवर म्हणतो, "मी ७५ टक्के काम केलंय, उलट माझेच पैसे निघतात." मधल्या काळात तोंडी बोलण्यावर जमिनीखालची पाण्याची टाकीही त्याच्याकडून करून घेतली आहे. तिची किंमत ९५,००० दोघांनाही मान्य आहे, पण तिचे वेगळे पैसे दिलेले नाहीत.

माझी अडचण अशी की झालेल्या कामाचं मूल्य कसं धरू? हप्त्याच्या टक्क्यांनी एक आकडा येतो, मोजमापाने दुसरा.

गुण्या:

ज्या आकड्यावर तुम्ही अडलात त्यावाचूनही दाव्याची मूळ रक्कम निघते, म्हणून आधी तो बाजूला ठेवा.

मालकाला करार पूर्ण झाला असता तर जे मिळालं असतं, तिथे पैशाने नेऊन ठेवायचं, एवढंच करायचंय. करार पूर्ण झाला असता तर त्याच्या खिशातून २५,९०,००० गेले असते आणि हातात पूर्ण घर आलं असतं. आता तेच घर मिळवायला त्याला किती लागतात? दिलेले २०,००,०००, पुढचे १२,४५,३५० आणि दुरुस्तीचे ९२,०००. बेरीज ३३,३७,३५०. त्यातून कराराची रक्कम वजा केली की ७,४७,३५०. हे झालं मूळ नुकसान.

आता यात टाकी आणा. ती जादा काम आहे आणि ठेकेदाराने ती बांधलेली आहे, तेव्हा कराराची रक्कम २६,८५,००० धरली पाहिजे. नुकसान ६,५२,३५० वर येतं. हे ९५,००० तुम्ही आपणहून वजा करा. समोरच्याने उलट दाव्यात ते काढले तर अख्ख्या पत्रकावरचा विश्वास जातो.

मालकांची मागणी याच कसोटीवर तपासून बघा. २० लाख परत आणि वर १२,४५,३५० घेतले तर पूर्ण घर त्यांना फुकट पडतं. कोणतंही कोर्ट हे देणार नाही. पैसे परत मागायचे असतील तर झालेल्या कामाचं मूल्य सोडून द्यावं लागतं, आणि काम पूर्ण करायचा खर्च मागायचा असेल तर कराराची रक्कम पूर्ण हिशोबात घ्यावी लागते. दोन्ही एकदम मागता येत नाही.

झालेल्या कामाच्या मूल्याने एकूण का बदलत नाही ते आकड्यांनी दाखवतो. टाकी तूर्त बाजूला.

हप्त्यांप्रमाणे धरा: ६५ टक्के म्हणजे १६,८३,५००, आणि वीटकामाच्या १० टक्क्यांतला पाऊण भाग १,९४,२५०. मूल्य १८,७७,७५०. जादा दिलेले १,२२,२५०. उरलेल्या कामाची करारातली किंमत ७,१२,२५० आणि खरा खर्च १२,४५,३५०, म्हणजे ५,३३,१०० जास्त. दोन्ही मिळून ६,५५,३५०.

आता मोजमापाने धरा. समजा झालेलं काम कराराच्या ६२ टक्के भरलं. मूल्य १६,०५,८००. जादा दिलेले ३,९४,२००. उरलेल्या कामाची करारातली किंमत ९,८४,२०० आणि वरचा खर्च २,६१,१५०. बेरीज पुन्हा ६,५५,३५०. त्यात दुरुस्तीचे ९२,००० मिळवले की तेच ७,४७,३५०.

एका खिशातलं दुसऱ्या खिशात जातं, एवढंच. म्हणून ठेकेदार "७५ टक्के केलंय" म्हणाला की त्या टक्क्यावर वाद घालत बसू नका. घरबांधणीतले हप्ते नेहमी पुढच्या बाजूला जड असतात. स्लॅब पडेपर्यंत दोन तृतीयांश पैसे निघून जातात, आणि फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग ही महागडी कामं उरलेल्या तिसऱ्या भागात कोंबलेली असतात. अनेक ठेकेदार दुसऱ्या स्लॅबनंतर गायब होतात त्यामागे हेच गणित आहे.

झालेल्या कामाचं मूल्य दोन ठिकाणी खरंच लागतं. एक, मालक घर पूर्ण करणारच नसेल आणि फक्त जादा गेलेले पैसे मागणार असेल तेव्हा. दुसरं, "मालकाने हप्ता थकवला म्हणून काम थांबवलं" हा बचाव आला तर. या दुसऱ्या ठिकाणी मात्र हप्त्यांचाच हिशोब चालतो, मोजमापाचा नाही. वीटकामाचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर देय होता आणि ते पूर्ण झालेलं नाही. म्हणजे २० ऑक्टोबरला देय रक्कम १६,८३,५०० अधिक टाकीचे ९५,०००, एकूण १७,७८,५००. दिलेले २० लाख. रोख रक्कम सिद्ध झाली नाही तरी बँकेतले १८,५०,००० देय रकमेपेक्षा ७१,५०० ने जास्तच आहेत. एका कागदावर तीन रकाने करा: टप्पा कोणत्या तारखेला पूर्ण झाला, किती देय होते, किती कधी दिले. ठेकेदाराचा सर्वात नेहमीचा बचाव त्या एका पानावर संपतो.

थापी:

मांडणी बरोबर आहे. पण १२,४५,३५० हा आकडा टिकला तरच सगळं टिकेल, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

"उरलेलं काम ९०० रुपये फुटाने" असं एका ओळीचं कोटेशन कशालाच पुरत नाही. बाब, परिमाण आणि दर असं पत्रक हवं, आणि तेच कोरं पत्रक तीन ठेकेदारांकडून भरून घ्यायचं. प्रत्येकाने आपापल्या मनाने बाबी लिहिल्या तर तुलनाच होत नाही. मोजमाप आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाच्या पद्धतीने घ्या, म्हणजे दारं-खिडक्यांची वजावट कशी केली यावर उलटतपासणीत अडकायला नको.

तुमच्या क्षेत्रफळाच्या घरात परिमाणं साधारण कुठे बसावीत त्याचा अंदाज देतो. ३५ फूट बाय २० फुटांचा आराखडा असेल तर बाहेरचा घेर ११० फूट, म्हणजे साडेतेहतीस मीटर. बीमखाली २.६ मीटर उंचीने ९ इंची भिंत उघाड वगळून सतरा घनमीटरच्या आसपास येते. निम्मी उरली असेल तर ८ ते ९ घनमीटर. बाहेरचं प्लास्टर दोन मजले आणि पॅरापेट धरून २३० चौरस मीटर. आतलं प्लास्टर छतासकट साडेतीनशेच्या वर. फरशी ११५ चौरस मीटर, कारण बांधीव क्षेत्रातून भिंती आणि जिना जातो. तुमच्या पत्रकात फरशी १३० चौरस मीटर दिसली तर कुणीतरी बांधीव क्षेत्र तसंच उचललंय असं समजा.

दर बाजारातले घ्या आणि शेजारच्या रकान्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला दर लिहा. कोर्टाला किंवा ग्राहक आयोगाला बाजारभावाची पावती पाहिजेच, पण दरसूची शेजारी असली की "मालकाने फुगवून दर लावले" हे म्हणायला जागा उरत नाही. दोन्हींत जीएसटी धरलाय की नाही ते एकसारखं करून घ्या. मूळ करार सर्वसमावेशक होता आणि नवीन ठेकेदार १८ टक्के जीएसटीचं बिल देतो, तर तो खर्च खरा आहे आणि मागता येतो. पण नवा ठेकेदार नोंदणीकृत नसेल तर त्याला जीएसटी लावता येत नाही, तेव्हा पत्रकात तो नुसता कल्पनेने टाकू नका.

दर्जा मूळ कराराचाच ठेवायचा. करारात ४५ रुपये फुटाची व्हिट्रिफाइड टाइल असेल आणि मालकांनी आता ७५ ची निवडली असेल, तर ११५ चौरस मीटरला, म्हणजे १,२३८ चौरस फुटांना, फुटामागे ३० रुपयांनी ३७,१४० रुपये मालकांचे स्वतःचे. ते पत्रकात आले की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. करारात टाइलचा दरच लिहिला नसेल तर त्या भागात त्या दराच्या घरात जे साधारण बसवतात ते धरा.

दुसऱ्याच्या अर्धवट कामावर येणारा ठेकेदार जास्त पैसे मागतो आणि त्याला कारण आहे. आधीच्या पाइपच्या स्लीव्ह कुठे आहेत ते माहीत नसतं, भिंतीचा वाकडेपणा प्लास्टरमध्ये झाकावा लागतो, आणि गळती निघाली तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतो. ही वाढ मागता येते, फक्त ती प्रत्येक दरात मुरवू नका, वेगळी बाब म्हणून लिहायला सांगा.

दोषांबद्दल. भिंतीचं मोजून लिहा. "वाकडी आहे" असं लिहून काही होत नाही. आयएस २२१२ या वीटकामाच्या मानकाप्रमाणे एका मजल्यात ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली अंतर मोजा, पट्टी फोटोत दिसली पाहिजे. २० मिलिमीटरच्या आत असेल तर जाड प्लास्टरने निभावतं, तेव्हा पाडायचा खर्च मागू नका. ३०-३५ मिलिमीटर असेल तर पाडून बांधणं योग्य.

हनीकोंबसाठी लगेच जिना पाडायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. आधी छिन्नीने सुटं काँक्रीट काढून सळई उघडी पडते का ते बघा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स या काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या स्वस्त आहेत, पण त्या दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. शंका राहिली तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना. काँक्रीटच्या आयएस ४५६ (२०००) या मानकाप्रमाणे किमान तीन कोअर घ्यायचे, त्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. काँक्रीट एम २० ग्रेडचं असेल तर १७ आणि १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. यात पास झालं तर मायक्रो काँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती पुरते. दुरुस्ती २८,००० ची असताना पाडून बांधायचे दीड लाख मागितले तर दाव्याचं वजन कमी होतं.

साइटवर पडलेलं मटेरियल विसरू नका. वाळू, विटा, सळई यांची मोजणी करून दोन साक्षीदारांच्या सह्यांनी यादी करा. ते नवीन कामात वापरणार असाल तर तेवढी किंमत पुढच्या खर्चातून वजा होते. सिमेंटच्या गोण्या तीन महिन्यांपेक्षा जुन्या झाल्या असतील तर चाचणीशिवाय स्ट्रक्चरल कामाला लावू नका, आणि मग त्यांची किंमतही धरू नका. स्लॅबखाली भाड्याचं सेंटरिंग (काँक्रीट घट्ट होईपर्यंतचा आधार) अडकलेलं असेल तर ते मालकाचं किंवा ठेकेदाराचं नसतं. सेंटरिंगवाल्याला त्याच्या प्लेटा आणि बल्ल्या नेऊ द्या, पण नग मोजून पोच घ्या आणि आयएस ४५६ मधली मुदत संपल्याशिवाय टेकू काढू देऊ नका: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१.

दिवाणी:

वरच्या दोघांनी हिशोब चोख मांडलाय. मी कायद्याची बाजू आणि तारखा घेतो, कारण आकडा बरोबर असूनही दावा तारखांवर पडतो.

भरपाईचा पाया भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७३. करारभंगामुळे ओघाने झालेलं, किंवा करार करताना दोघांना अपेक्षित असलेलं नुकसान मिळतं. लांबचं, आडून आलेलं मिळत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दुसरी अट आहे: नुकसान कमी करायला हाताशी काय साधनं होती ते पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास या निकालात ही दोन्ही तत्त्वं स्पष्ट सांगितली आहेत. सोप्या भाषेत, घर दोन वर्षं तसंच ठेवून त्या काळात वाढलेले सिमेंट-सळईचे भाव ठेकेदाराच्या माथी मारता येत नाहीत. वाजवी वेळेत काम पुन्हा सुरू झालं असतं तर जो दर पडला असता, तोच चालतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. पहिली नोटीस: काम थांबल्याची तारीख, देय आणि दिलेली रक्कम, पंधरा दिवसांत काम सुरू करा. पोस्टाने पोचपावतीसह, आणि त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवरही. उत्तर आलं नाही तर दुसरी नोटीस: कलम ३९ खाली करार संपवत आहोत, अमुक तारखेला अमुक वाजता साइटवर संयुक्त मोजणी आहे, हजर राहा. तो नाही आला तर स्वतंत्र इंजिनिअरकडून एकतर्फी मोजणी, पंचनामा, फोटो, व्हिडिओ. नवा ठेकेदार यानंतरच साइटवर यायला हवा. एकदा प्लास्टर चढलं की खाली काय होतं ते कुणालाच दाखवता येत नाही. दावा दाखल झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर मागता येतो, पण तोवर थांबायची चैन बहुतेक मालकांना नसते.

भाड्याचा हिशोब मालकांनी चुकीचा धरलाय. मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, त्यामुळे ठेकेदाराने करार पाळला असता तरी तोपर्यंतचं भाडं त्यांनी भरलंच असतं. मोजणी १ जानेवारी २०२५ पासून. शेवटची तारीख म्हणजे दुसऱ्या ठेकेदाराकडून वाजवी वेळेत घर पूर्ण झालं असतं ती. नोटिसा आणि मोजणी डिसेंबर-जानेवारीत, काम फेब्रुवारी ते जुलै, असे सात महिने धरले तर ६३,०००. निकाल लागेपर्यंतचं भाडं मिळत नाही. भाडेकरार आणि बँकेतून गेलेलं भाडं जोडा. गृहकर्जाचं व्याज मात्र यात टाकू नका. घर वेळेत झालं असतं तरी ते भरावंच लागलं असतं.

रोज १,००० चा दंड. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) पासून हीच भूमिका आहे, आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये न्यायालयाने म्हटलं की नुकसान झालेलंच नसेल तर हे कलम भरपाई देत नाही. शिवाय हा दंड उशिरासाठी आहे आणि भाडंही उशिरासाठीच आहे. एकाच दिवसासाठी दोन्ही मागणं म्हणजे दुबार. तुमच्या प्रकरणात भाड्याला पावत्या आहेत, म्हणून मी भाडं मुख्य मागणीत ठेवून दंड पर्यायी मागणी म्हणून लिहीन.

मुदत उलटूनही ठेकेदाराला काम करू दिलं जातं अशी प्रकरणं पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी कलम ५५ लक्षात ठेवा: उशिरा झालेलं काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखत असल्याची सूचना दिली नाही, तर उशिराची भरपाई जाते. दोन ओळींचा मेसेजही पुरतो, पण तो त्याच वेळी गेलेला हवा.

कुठे जायचं? महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचं राज्याचं प्राधिकरण) इथे चालत नाही. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं तर तो प्रवर्तक (बिल्डर) ठरत नाही. स्वतः राहायला घर असेल तर ग्राहक आयोग हा चांगला मार्ग, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत गृहबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात आणि ती ५० लाख आहे, तेव्हा तुमचे २० लाख तिथे बसतात. १० ते २० लाखांच्या मोबदल्याला शुल्क ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षं. सुरक्षित धरायचं तर २० ऑक्टोबर २०२४ पासून मोजा. दिवाणी दाव्याला मुदत कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद ५५ प्रमाणे तीन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) मध्ये ठरलं आहे.

आयोगापुढची चौकशी संक्षिप्त असते. दोन्ही बाजूंच्या मोजमापात मोठा फरक आणि वीसेक जादा कामांचा वाद असेल, तर दिवाणी कोर्टच बरं. तुमच्याकडे जादा काम एकच आणि तेही मान्य, म्हणून आयोग योग्य वाटतो. मानसिक त्रासाची रक्कम आयोगापुढे वेगळी मागता येते, दिवाणी करारभंगात ती सहसा मिळत नाही. ती या पत्रकात मिसळू नका. व्याज मागा. आयोग सहसा ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान देतात.

रोख दीड लाखांसाठी ठेकेदाराचा "मिळाले" असा मेसेज असेल तर तो पुरावा आहे, पण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. स्क्रीनशॉटवर भागत नाही, फोन जपून ठेवा. कराराचा मुद्रांक कमी असेल तर दस्त पुराव्यात येताना अडतो. कमी शुल्क आणि दंड भरून तो आधीच मोकळा करून घ्या.

पोलिसांत जायचा आग्रह मालक धरतील. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवता आलं तरच फसवणूक ठरते. अर्धं घर बांधून गेलेल्या माणसाबाबत ते दाखवणं अवघड आहे, आणि त्यात जाणारे महिने दोन वर्षांच्या मुदतीतून जातात.

ओळंबा:

तिघांचेही आभार. नवीन मांडणी अशी केली आहे:

दिलेले २०,००,०००, उरलेलं काम १२,४५,३५०, दुरुस्ती ९२,०००. त्यातून करार आणि टाकी मिळून २६,८५,००० वजा. बाकी ६,५२,३५०. भाडं सात महिने ६३,०००. साइटवर दोन महिने राखणदार १६,०००. स्वतंत्र मोजणी आणि चाचण्या २४,०००. एकूण ७,५५,३५०. रोख रक्कम नाकारली गेली तर ६,०५,३५०. हे दोन्ही आकडे पत्रकात वेगवेगळे दाखवतो.

साइटवरची सळई अर्ध्या टनाच्या आत आहे आणि नवीन कामात लिंटेल-छज्ज्यांना लागेल. तिची किंमत तीनही कोटेशनमधून आधीच वगळून घेतली आहे. भिंतीचा ओळंबा घेतला: २.७ मीटर उंचीत ३५ मिलिमीटर बाहेर, म्हणून पाडून बांधायचे ३६,००० धरले. हनीकोंबला २८,००० आणि संकन स्लॅबला २८,०००.

एक शंका. लेबर आणि विटांचा पुरवठादार मालकांकडे थकबाकी मागत आहेत. ती देऊन नुकसानीत धरायची का?

दिवाणी:

नको. त्यांचा व्यवहार ठेकेदाराशी आहे, मालकाशी नाही. मालकाने आपणहून दिलेले पैसे ठेकेदाराने "मी सांगितलं नव्हतं" म्हटलं की अडकतात. लेबरची दया येऊन द्यायचेच असतील तर ठेकेदाराकडून लेखी संमती आणि "माझ्या खात्यावर जमा" असं लिहून घ्या, म्हणजे ते दिलेल्या रकमेत धरता येतील. संमती नसेल तर पत्रकाबाहेर ठेवा.

राखणदाराचे आणि मोजणीचे पैसे बरोबर धरलेत. नुकसान आटोक्यात ठेवायला झालेला वाजवी खर्च मिळतो. पावत्या मात्र हव्यात, राखणदाराची साध्या कागदावरची सही तरी घ्या.

गुण्या:

एक जागा पुन्हा तपासा. उरलेल्या कामात ९ इंची वीटकाम ९ घनमीटर, ७,००० दराने धरलं असेल ना? ते परिमाण साइटवर "बांधायची राहिलेली" भिंत मोजून काढलंय, की आराखड्यावरून एकूण काढून चांगली भिंत वजा केली आहे? दुसऱ्या पद्धतीने काढलं असेल तर ती वाकडी भिंत त्यात आलीच आहे, आणि दुरुस्तीच्या ३६,००० मध्ये ती पुन्हा बांधायचा खर्च दुसऱ्यांदा येतोय. साडेसहा चौरस मीटरची भिंत म्हणजे दीड घनमीटर, १०,५०० रुपये.

ओळंबा:

आराखड्यावरूनच काढलं होतं. दुरुस्तीच्या बाबीत आता फक्त पाडणं, राडारोडा उचलणं आणि जोडातलं काम ठेवलं, २५,५००. एकूण ७,४४,८५०, आणि रोख रक्कम नाकारली तर ५,९४,८५०. मोजणीच्या पानावर वीटकाम दोन ओळींत तोडून दाखवतो.